व्हॅनिलाचे फूल वेष्टनावर छापणाऱ्यांना आणि छापू देणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवरील मजकुराचे नियम ठरवणाऱ्या सर्व यंत्रणा, तसेच
आइस्क्रीम, बिस्किटे, केक, दुधाची पेये आणि इसेन्स तयार करणारे उत्पादक

विषय : ‘व्हॅनिला’ हा शब्द आणि व्हॅनिलाच्या फुलाचे व शेंगेचे चित्र कोणत्या मालावर वापरावे याबाबत

महोदय,

व्हॅनिलाच्या स्वादाचा म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक पदार्थांच्या वेष्टनावर एक टपोरे फूल आणि त्याच्याशेजारी दोन-तीन काळपट शेंगा छापलेल्या असतात. वेष्टन उलटे करून बारीक अक्षरांतली घटकांची यादी वाचली, तर मात्र त्या फुलाचा किंवा शेंगेचा मागमूसही सापडत नाही. तिथे ‘कृत्रिम स्वाद’, ‘निसर्गसदृश स्वाद’ किंवा नुसतेच ‘स्वादद्रव्ये’ असे मोघम शब्द असतात. माझी मागणी एवढीच आहे, की ज्या मालातला स्वाद खरोखर शेंगेतून आलेला आहे त्याच मालावर हे चित्र आणि कोणतेही विशेषण न लावलेला ‘व्हॅनिला’ हा शब्द वापरण्याची मुभा असावी. ही मागणी नैसर्गिकतेच्या सोवळ्यातून आलेली नाही. कारखान्यात बनलेल्या व्हॅनिलिनशी, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचे जे मुख्य द्रव्य त्याच्याशी, माझे भांडण नाही. ते स्वस्त आहे, ठरलेल्या प्रमाणात वापरण्यास सुरक्षित मानले गेले आहे आणि त्याच्यामुळेच हा स्वाद सर्वांच्या आवाक्यात आला आहे. तक्रार त्या चित्राबद्दल आहे, आणि ती किरकोळ का नाही हे सांगण्यासाठी चित्रातल्या वनस्पतीविषयी थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

व्हॅनिला ही ऑर्किडच्या कुळातली वेल आहे. या कुळात पंचवीस हजारांहून अधिक जाती आहेत आणि माणसाने त्यांतल्या ज्या लावल्या त्या बहुतेक शोभेसाठीच. खाण्याच्या पदार्थासाठी मोठ्या प्रमाणावर शेती होते ती जवळजवळ एकट्या व्हॅनिलाची. व्हॅनिला प्रजातीतही शंभराहून अधिक जाती असल्या, तरी बाजारातला बहुतांश माल ‘व्हॅनिला प्लॅनिफोलिया’ या एकाच जातीचा असतो आणि ‘ताहितेन्सिस’ व ‘पोम्पोना’ यांचा वाटा लहान आहे. मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जंगलांची ही वेल पेरापेराला फुटणाऱ्या हवाई मुळांनी झाडाला धरून वर चढते आणि मोकळी सोडली तर दहा-पंधरा मीटरपर्यंत जाते. मळ्यात मात्र तिला आधाराच्या झाडावरून पुन्हा खाली वळवून माणसाच्या हाताच्या उंचीवर ठेवतात, कारण पुढचे सगळे काम हातानेच करायचे असते. छाट कलमापासून लावलेली वेल साधारण तिसऱ्या वर्षी फुलावर येते.

घोसात पंधरा-वीस कळ्या असल्या तरी त्या एकदम फुलत नाहीत. रोज एखाद-दुसरीच उमलते, आणि सकाळी उघडलेले फूल दुपारपासून कोमेजू लागते. त्या काही तासांत परागीभवन झाले नाही तर ते गळून पडते. अडचण अशी, की परागकोश आणि कुक्षी यांच्या मध्ये एक पातळ पडदा असतो, त्यामुळे पराग आपण होऊन कुक्षीवर पडूच शकत नाहीत. मेक्सिकोच्या जंगलात काही मधमाश्या हे काम करतात, पण तिथेही आपोआप शेंग धरण्याचे प्रमाण फार थोडे असते आणि ज्या दूरच्या देशांत ही वेल नेऊन लावली तिथे तर ते जवळजवळ नाहीच. म्हणून फुलोऱ्याच्या हंगामात कामगार रोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी जातो, एका हाताने फूल धरतो, काट्याने किंवा बांबूच्या टोकदार काडीने फुलाचा गुंडाळलेला ओठ उभा चिरतो, काडीच्या टोकाने तो पडदा वर उचलतो आणि अंगठ्याने परागपुंज कुक्षीवर हलकेच दाबतो. सरावलेल्या हाताला याला काही सेकंद पुरतात. पुढच्या एक-दोन दिवसांत फूल सुकूनही जागेवर टिकले तर शेंग धरली असे समजायचे, आणि गळाले तर त्या कळीचा हंगाम संपला. घोसातल्या सगळ्याच फुलांना हात लावत नाहीत. आठ-दहा शेंगा धरल्या की थांबतात, कारण त्याहून अधिक ओझे वेलीला झेपत नाही. एक किलो तयार शेंगांमागे अशी सुमारे ६०० फुले हाताळावी लागतात, असा हिशेब या व्यवसायात सांगितला जातो.

जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. वेष्टनावरचे फूल बहुधा पांढरेशुभ्र रंगवलेले असते, तर प्लॅनिफोलियाचे खरे फूल हिरवट पिवळे असते. शिवाय ज्या वासासाठी ते छापले जाते तो वास फुलाचा नसून शेंगेचा आहे, आणि शेंगेतही तो तोडणीनंतर काही महिन्यांनी येतो. म्हणजे चित्र चुकीच्या मालावर आहेच, पण पुष्कळदा ते चित्रही चुकीचेच आहे.

हाताने परागीभवन करण्याची वर सांगितलेली पद्धत कोणत्याही संशोधनसंस्थेत शोधली गेलेली नाही. १८३६ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे शार्ल मॉरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने कृत्रिम परागीभवनातून शेंगा मिळवून दाखवल्या होत्या, पण मळ्यात रोज हजारो फुलांवर वापरता येईल असे तंत्र त्यातून निघाले नाही. ते निघाले हिंदी महासागरातल्या रेयूनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बाँ म्हणत. तिथे १८४१ मध्ये एदमाँ नावाच्या १२ वर्षांच्या गुलाम मुलाने काडी आणि अंगठा एवढ्याच साधनांनी हे काम करून दाखवले. त्याला मळ्यामळ्यांवर नेऊन इतर गुलामांना ही रीत शिकवायला लावण्यात आले, बेटावरचा व्यापार उभा राहिला, आणि पुढे मादागास्करसह सगळीकडे हीच रीत गेली. १८४८ मध्ये बेटावरची गुलामगिरी संपली तेव्हा त्याला ‘अल्बियस’ हे आडनाव मिळाले. या शोधाचा मोबदला मात्र कधीच मिळाला नाही. एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञाने हा शोध आपलाच असल्याचा दावाही केला होता. ज्या माणसाच्या मळ्यावर एदमाँ वाढला होता, त्या फेरेओल बेलिए-बोमाँ यांनी एदमाँची बाजू लेखी मांडली, म्हणून निदान श्रेय तरी त्याच्या नावावर राहिले. १८८० मध्ये तो गरिबीतच वारला. आज जगात कुठेही लागवडीतल्या वेलीवर शेंग धरते ती त्याच्याच पद्धतीने. वेष्टनावरच्या त्या शेंगेमागे असा इतिहास आहे, आणि ज्या मालात शेंगच नाही त्याने तो शोभेपुरता उसना घ्यावा हे मला गैर वाटते.

शेंग धरल्यावरही घाई चालत नाही. ती वेलीवर आठ-नऊ महिने राहते आणि तोडली तेव्हा हिरव्या घेवड्यासारखी दिसते, पण तिला व्हॅनिलाचा वास नसतो, कारण व्हॅनिलिन तोपर्यंत साखरेशी जखडलेल्या रूपात असते. मग शेंगा सुमारे ६५ अंश तापमानाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून त्यांची वाढ थांबवतात आणि गरम असतानाच लोकरी कांबळ्यांत गुंडाळून पेट्यांत ठेवतात. तिथे त्यांना घाम सुटतो, त्या तपकिरी होतात आणि शेंगेतल्याच विकरांमुळे व्हॅनिलिन मोकळे होऊ लागते. पुढे कित्येक दिवस त्या रोज काही तास उन्हात पसरायच्या, ऊन तापले की पुन्हा गुंडाळून ठेवायच्या, नंतर सावलीतल्या फळ्यांवर वाळवायच्या, बोटांनी एकेक सरळ करत लांबीनुसार निवडायच्या आणि जुड्या बांधून बंद पेट्यांत आणखी काही महिने मुरवायच्या. या काळात एखाद्या शेंगेला बुरशी धरली तर ती वेळेत ओळखून बाजूला काढावी लागते, नाही तर पेटी जाते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांतून एक किलो तयार माल उरतो आणि त्यात व्हॅनिलिन असते सुमारे दोन टक्के. बाकी वासाला खोली देणारी शेकडो इतर द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात, आणि कारखान्यातल्या व्हॅनिलिनच्या भुकटीत नसतात ती हीच.

त्या भुकटीचा इतिहासही रंजक आहे, पण इथे तो थोडक्यातच पुरे. १८५८ मध्ये निकोला-तेओदोर गोब्ले या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळे केले. १८७४ मध्ये जर्मनीत फर्डिनांड टीमान आणि विल्हेल्म हारमान यांनी ते सूचिपर्णी झाडांच्या रसातल्या कोनिफेरिनपासून बनवले. नंतर लवंगेच्या तेलातले युजेनॉल, १९३० च्या दशकापासून कागद गिरण्यांच्या टाकाऊ द्रावातले लिग्निन आणि आज मुख्यतः पेट्रोरसायनांतून मिळणारे ग्वायकॉल, असा कच्चा माल बदलत गेला. रेणू मात्र तोच आहे. जगात खाल्ल्या जाणाऱ्या व्हॅनिला-स्वादाचा जेमतेम एखादा टक्का किंवा त्याहूनही कमी भाग शेंगेतून येतो, हे लक्षात घेतले म्हणजे वेष्टनांवरच्या शेंगांची गर्दी किती विसंगत आहे ते कळते.

हे सारे नियमांच्या चौकटीत आणता येते, कारण काही ठिकाणी ते अंशतः आणले गेले आहे. अमेरिकेत ‘व्हॅनिला अर्क’ या नावाने माल विकायचा तर त्यात किमान ३५ टक्के अल्कोहोल आणि दर गॅलनमागे १३.३५ औंस शेंगांचे सत्त्व असावे लागते. तिथल्या आइस्क्रीमच्या नियमात तीन पायऱ्या आहेत : शेंगेचाच स्वाद असेल तर ‘व्हॅनिला’, शेंगेचा आणि कृत्रिम स्वाद मिसळलेला असून शेंगेचा वरचढ असेल तर ‘व्हॅनिला स्वादाचे’, आणि कृत्रिम स्वाद वरचढ असेल तर तसे स्पष्ट लिहायचे. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार ‘नैसर्गिक व्हॅनिला स्वाद’ असे म्हणायचे तर स्वाद देणाऱ्या भागापैकी किमान ९५ टक्के व्हॅनिलातून आलेला असावा लागतो. तांदळाच्या कोंड्यातल्या फेरुलिक आम्लापासून सूक्ष्मजीवांकरवी बनवलेले व्हॅनिलिन तिथे ‘नैसर्गिक स्वादद्रव्य’ ठरू शकते, पण त्याला व्हॅनिलाचे नाव लावता येत नाही. ही रेषा मला अगदी योग्य वाटते.

तरीही फटी राहतात. आइस्क्रीमला असलेला नियम बिस्किटाला, केकच्या मिश्रणाला किंवा बदामाच्या पेयाला असेलच असे नाही. अमेरिकेत अशा पेयांच्या आणि पदार्थांच्या लेबलांविरुद्ध अलीकडच्या वर्षांत ग्राहकांनी अनेक दावे दाखल केले आणि त्यांतले बरेच न्यायालयांनी फेटाळले. ‘व्हॅनिला’ वाचल्यावर सामान्य ग्राहकाला चव समजते, तो शेंग गृहीत धरत नाही, असा त्या निकालांचा साधारण रोख होता. न्यायालयापुढे जो कायदा असेल त्यानुसारच ते निकाल देणार, म्हणून त्यांना दोष देता येत नाही. पण वर्षानुवर्षे शेंग नसलेल्या मालावर शेंग छापू दिली, की एक दिवस ‘आता कोण शेंग गृहीत धरतो’ हाच युक्तिवाद छापणाऱ्याच्या कामी येतो, आणि म्हणूनच हे पत्र न्यायालयांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

एका युक्तीचा उल्लेख वेगळा करायला हवा. महागड्या व्हॅनिला आइस्क्रीममध्ये बारीक काळे ठिपके दिसतात आणि ते पाहून ग्राहक खूश होतो, कारण शेंग चिरून आतला गर घातला की तसेच ठिपके दिसतात. परंतु अर्क काढून झाल्यावर उरलेला चोथा वाळवून, दळून, तेवढ्याचसाठी वेगळा विकला जातो. त्यात स्वाद जवळजवळ राहिलेला नसतो. स्वाद व्हॅनिलिनचा आणि ठिपके चोथ्याचे, अशी जोडी जमवता येते, आणि घटकांच्या यादीत ‘व्हॅनिलाच्या शेंगांची पूड’ असे लिहिले तर ते खोटेही ठरत नाही. एकही खोटा शब्द न लिहिता केलेली ही दिशाभूल आहे, आणि नियमात तिचे नाव घेतल्याशिवाय ती थांबणार नाही.

आता मुख्य मुद्दा. वेष्टनाचा प्रश्न फक्त ग्राहकाचा असता तर एवढे लांब पत्र लिहिले नसते. तो शेतकऱ्याचाही आहे. जगातली बहुतेक व्हॅनिला मादागास्करच्या ईशान्य टोकाला, सांबावा, अंतालाहा, वोहेमार आणि अंदापा या भागात, लहान शेतकऱ्यांच्या तुकड्यांवर पिकते. २००० मध्ये ‘हुदा’ आणि मार्च २०१७ मध्ये ‘एनावो’ ही चक्रीवादळे याच किनाऱ्यावर आली. २००३-०४ मध्ये तयार शेंगांचा भाव किलोला ५०० डॉलरच्या आसपास गेला आणि दोनच वर्षांत त्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत कोसळला. चढता भाव पाहून कर्नाटक-केरळातल्या ज्या शेतकऱ्यांनी व्हॅनिला लावली होती, त्यांच्यातल्या अनेकांनी ती पुढे उपटून टाकली. २०१७-१८ मध्ये भाव पुन्हा ५०० डॉलरच्या पार गेला. मग मादागास्कर सरकारने २०२० मध्ये निर्यातीसाठी २५० डॉलरची किमान किंमत ठरवली, २०२३ मध्ये ती काढली, आणि भाव परत घसरला.

भाव चढतो तेव्हा चोऱ्या वाढतात. शेतकरी रात्री मळ्यात पहारा देतात, आणि हिरव्या शेंगेवर टाचण्यांनी टोचून आपली खूण उमटवतात. शेंग वाळली तरी ती खूण राहते आणि माल कोणाचा ते ओळखता येते. तरीही भीतीपोटी अनेक जण शेंगा कोवळ्या असतानाच तोडतात, त्यामुळे व्हॅनिलिन कमी भरते, मालाचा दर्जा उतरतो, आणि खरेदीदार म्हणतो की एवढा पैसा मोजून हेच मिळणार असेल तर व्हॅनिलिन काय वाईट. तो व्हॅनिलिनकडे वळतो. इथे वेष्टन आपले काम करते, म्हणजे काहीच करत नाही : आतला स्वाद बदलतो, पण फूल, शेंगा आणि मोठ्या अक्षरांतले नाव आहे तसेच राहते, ग्राहकाला पत्ता लागत नाही आणि उत्पादकाला शेंग सोडण्याची कोणतीही किंमत मोजावी लागत नाही. भाव कोसळण्यामागे इतरही कारणे असतात, हे मी नाकारत नाही. वादळे, सट्टेबाजी आणि अतिलागवड ही आहेतच. पण शेंग सोडताना नाव आणि चित्रही सोडावे लागले असते, तर बऱ्याच खरेदीदारांनी ती सोडण्यापूर्वी दोनदा विचार केला असता, आणि चढ-उताराचा सगळा भार वेलीपाशी उभ्या असलेल्या माणसावर पडला नसता, असे माझे मत आहे.

उत्पादक म्हणतील की तपासणी कशी करणार, रेणू तर एकच आहे. रेणू एक असला तरी त्यातला कार्बन कुठून आला हे ओळखता येते. व्हॅनिलाची वेल अननस आणि निवडुंग यांच्याप्रमाणे रात्री कार्बन डायऑक्साइड घेते, त्यामुळे तिच्या व्हॅनिलिनमध्ये कार्बन-१३ चे, म्हणजे कार्बनच्या किंचित जड प्रकाराचे, प्रमाण लाकडातून किंवा पेट्रोलियममधून आलेल्या व्हॅनिलिनपेक्षा अधिक असते. भेसळ करणाऱ्यांनी कृत्रिम व्हॅनिलिनमध्ये मुद्दाम कार्बन-१३ घालून ही चाचणी चकवली, तेव्हा रेणूच्या कोणत्या जागी किती ड्यूटेरियम (जड हायड्रोजन) आहे हे मोजणारी चुंबकीय अनुनादाची पद्धत पुढे आली. व्हॅनिलिन आणि शेंगेतली इतर द्रव्ये यांची परस्पर प्रमाणे पाहण्याची पद्धतही रूढ आहे. भाजलेल्या केकच्या तुकड्यावर हे सगळे करणे अवघड आहे, हे खरे. तिथे प्रयोगशाळेऐवजी खरेदीची बिले तपासावीत. वर्षाला किती शेंगा किंवा अर्क घेतला आणि किती माल विकला, एवढा हिशेब जुळवायला कोणतेही यंत्र लागत नाही.

खरी व्हॅनिला परवडत नाही, हा दुसरा आक्षेप. परवडत नसेल तर वापरू नये. ‘व्हॅनिलिनचा स्वाद’ असे लिहावे आणि माल खुशाल विकावा. लहान उत्पादकाला यात शाईपलीकडे कसलाही खर्च नाही.

म्हणून आपल्याला विनंती आहे की नियमांत पुढील तरतुदी कराव्यात. नुसता ‘व्हॅनिला’ हा शब्द आणि फूल वा शेंग यांचे चित्र शेंगेतून आलेल्या स्वादापुरते राखून ठेवावे, आणि हा नियम आइस्क्रीमपुरता न ठेवता सर्व खाद्यपदार्थांना व इसेन्सच्या बाटल्यांनाही लावावा. इतर मालावर ‘व्हॅनिलिनचा स्वाद’ किंवा ‘कृत्रिम व्हॅनिला स्वाद’ असे पूर्ण नाव एकाच आकाराच्या अक्षरांत, वेष्टनाच्या दर्शनी बाजूलाच असावे. ‘व्हॅनिला’ बोटभर आणि ‘कृत्रिम’ मुंगीएवढे, असे चालू नये. अर्क काढून उरलेली पूड घातली असेल तर ती स्वादासाठी नसून दिसण्यासाठी आहे, हे यादीत नमूद करावे. जिथे खरी शेंग वापरली आहे तिथे तिची जात आणि देश लिहिण्यास उत्तेजन द्यावे. ते सक्तीचे करा, असे मी म्हणणार नाही, कारण वेगवेगळ्या देशांतल्या शेंगा एकत्र करून अर्क काढणाऱ्या प्रामाणिक उत्पादकाची त्यात अडचण होईल.

छापून पडलेली वेष्टने संपवण्यासाठी उत्पादकांना वर्षभराची मुदत देण्यास हरकत नसावी. त्यापूर्वी आपण नियमांचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती आणि सूचना मागवाव्यात, आणि त्या मागवताना उत्पादक व ग्राहक यांच्याबरोबर व्हॅनिला पिकवणाऱ्यांच्या सहकारी संस्थांनाही पत्र पाठवावे, ही विनंती.

आपला,
वेष्टनाची मागची बाजू वाचणारा एक ग्राहक